क्राऊनचं ऑईल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

माझी टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे १९९८ ची. नारायणगावहून टोमॅटो भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीला लागायचं, हे तिचं आयुष्य. दोन पावसाळ्यांपूर्वी मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यातून (आम्ही सगळे क्राऊनच म्हणतो), ऑईल गळायला लागलं. गॅरेजवाल्याने सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी ओठाची कडी, बदललं. महिन्यात परत ओलं. त्याने परत बदललं. तिसऱ्यांदा मी स्वतःच गाडीखाली शिरलो, तेव्हा कळलं की हाऊसिंगवरचा (क्राऊनच्या बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर चिखलाने गच्च बुजलेला होता.

ब्रीदर म्हणजे हाऊसिंगच्या वरच्या अंगाला बसवलेली बारकी टोपी किंवा नळी. घाटात भरल्या गाडीचं क्राऊन तापतं, आतली हवा फुगते, ती या वाटेने बाहेर पडते. वाट बंद झाली की ती ऑईलला सीलच्या ओठावरून बाहेर ढकलते. म्हणून नवीन सील आणायला जाण्याआधी ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. फुंकर आरपार गेली पाहिजे.

मग गळती नक्की कुठून आहे ते ठरवा. मागचा सगळा भाग डिझेलने धुवून कोरडा करा, वीसेक किलोमीटर फिरवून या आणि बॅटरी घेऊन खाली बघा. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब फिरता दांडा) जिथे क्राऊनला जोडतो तिथे ओलं असेल आणि वर हौद्याच्या तळाला त्याच रेषेत ऑईलचा पट्टा उडालेला असेल, तर पिनियनचं, म्हणजे शाफ्टने फिरणाऱ्या क्राऊनमधल्या छोट्या गिअरचं, सील गेलंय. चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रममागे ओलं दिसलं तर ते हबचं सील. ते काम वेगळं आहे आणि लांबवायचं नाही, कारण ऑईल लायनरवर गेलं की ब्रेक गेला. वास घेऊन बघा: गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिनचं ऑईल वाऱ्याने मागे येऊन क्राऊनवर बसतं, त्याने पुष्कळ जण फसतात.

आता काम. गाडी रिकामी, जमीन सपाट. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. ही गोष्ट मी दोनदा सांगतो, कारण प्रोपेलर शाफ्ट सुटला की गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा मोकळी होते. इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. जुन्या काही गाड्यांचा हँडब्रेकही शाफ्टवरच असतो, त्यांचा तोही जातो. ठोकळे नसतील तर काम उद्या करा.

आधी भरायचा प्लग सोडा, मग खालचा. उलटं केलंत आणि वरचा प्लग गंजून अडकला असेल, तर रिकामं क्राऊन घेऊन बसाल. ऑईल डब्यात धरा, भंगारवाला नेतो, ओढ्यात ओतू नका. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्याच्यावर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. काळी मऊ पेस्ट चालते. कडक कपचे सापडले तर सीलचं विसरा, क्राऊन उघडायची वेळ आली आहे.

शाफ्ट आणि फ्लँज (पिनियनवरची तबकडी, जिला शाफ्ट बोल्टने जोडतो) यांच्यावर छिन्नीने समोरासमोर खूण करा, म्हणजे बसवताना शाफ्ट होता तसाच बसेल, नाहीतर गाडी थरथरायला लागते. बोल्ट काढून शाफ्ट बाजूला बांधून ठेवा, लोंबकळत सोडू नका. मग फ्लँज हाताने धरून वर-खाली हलवा. खडखड वाजलं तर पिनियनचं बेअरिंग गेलंय. ते तसंच ठेवून घातलेलं सील दोन फेऱ्याही टिकणार नाही.

खरी मेख फ्लँजच्या मधल्या नटाची आहे. तो नट नुसता फ्लँज धरत नाही, बेअरिंगवरचा दाबही त्याच्यावरच असतो. म्हणून सोडण्याआधी पंचने तीन टिंबं मारा: नटावर, पिनियनच्या टोकावर, फ्लँजवर, तिन्ही एका रेषेत. नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजून ठेवा. मी खडूने चाकावर लिहितो. लॉक कसं आहे ते बघा: स्प्लिट पिन असेल तर ओढा, नटाची कड खाचेत ठोकलेली असेल तर ती आधी वर उचला. फ्लँज फिरू नये म्हणून त्याच्या दोन भोकांत लांब लोखंडी पट्टी बोल्टने आवळून ती जमिनीला टेकवा आणि पान्याच्या दांड्याला पाईप घाला. फ्लँज पुलरनेच काढायचा. कडेवर हातोडा मारलात तर फ्लँज वाकतो, आणि त्या माराचा धक्का थेट बेअरिंगला बसतो.

जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना हाऊसिंगच्या भोकाला ओरखडा जाऊ देऊ नका. मग फ्लँजचा तो गुळगुळीत गळा बघा जिथे सीलचा ओठ घासतो. नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर तीच गळतीची दुसरी मोठी जागा. माझ्या गाडीत अडकत होतं, आणि दोन्ही वेळा गॅरेजवाल्याने ते बघितलंच नव्हतं. थोडा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल-गोल फिरवून काढा, आडवा-उभा नको, त्या रेघांतून ऑईल चालतं. खाच खोल असेल तर वर पातळ स्लीव्ह (धातूचं वेष्टण) चढवा किंवा फ्लँजच बदला. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर बाहेर ठेवूनही बसवता येतं, म्हणजे ओठ जुन्या खाचेवर न पडता ताज्या जागेवर पडतो. मी तेच केलं.

नवीन सील जुन्याशेजारी ठेवून नंबर जुळवा. स्प्रिंगची बाजू आत, ऑईलकडे. स्प्रिंगच्या खोबणीत ग्रीस दाबा, नाहीतर ठोकताना ती उडते आणि आपल्याला कळतही नाही. ओठालाही ग्रीस लावा, कोरडा ओठ पहिल्याच किलोमीटरला जळतो. बाहेरच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ हात. सपाट लाकडी गुटका ठेवून चारी बाजूंनी सारखं, हळू ठोका.

फ्लँजच्या दातऱ्यांतही थोडं सीलंट लावा. ऑईल दातऱ्यांतून सरकत नटाखालून बाहेर येतं आणि बिचाऱ्या सीलच्या नावावर खपतं.

नट किती आवळायचा? आत दोन्ही बेअरिंगांमध्ये कुठे शिम (पातळ चकत्या) असतात, कुठे चेपली जाणारी नळी. शिमवाल्या गाडीला मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा मोजका जोर) द्यायचा. नळीवाल्या गाडीला टिंबं जुळेपर्यंत आणि त्यापुढे फक्त केसभर. तिथे पाईपला लटकून जोर दाखवलात तर नळी जास्त चेपते, बेअरिंग आवळतं, आणि चेपलेली नळी परत फुगत नाही. कमी आवळलात तर पिनियन पुढे-मागे खेळतो आणि दात जातात. लॉक विसरू नका.

शाफ्ट खुणेवर जोडा. ऑईल मॅन्युअलमध्ये असेल तेच, बहुतेक ठिकाणी ईपी ९०, जीएल-५ प्रतीचं गिअर ऑईल. वरच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळ येईपर्यंतच भरायचं. ‘घाट आहे, अर्धा लिटर जास्त राहू दे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, जास्त ऑईलही सीलमधूनच बाहेर येतं. थंडीत नारायणगावला सकाळी हे ऑईल काकवीसारखं उतरतं, डबा तासभर उन्हात ठेवा.

पंचवीस किलोमीटर रिकामी फिरवून पिनियनजवळ हाऊसिंगला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, गाडी भरू नका. मी त्या रात्री गाडीखाली टोमॅटोच्या क्रेटमधला पुठ्ठा पसरून झोपलो. सकाळी त्याच्यावर दोन थेंब होते, काळजात धस्स झालं. वास घेतला तर इंजिनचे.