निकालाचं ओझं प्रभूपुढे कसं उतरवायचं

नीट असो, एमपीएससी असो, नाहीतर सातपूर-अंबडच्या कंपनीतलं महिन्याचं टार्गेट. दडपण सगळ्यांनाच येतं, पण आपल्या ख्रिस्ती घरांत त्यावर आणखी एक थर चढतो. "आम्ही सगळे तुझ्यासाठी किती प्रार्थना करतोय," असं आई मायेनंच म्हणते. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आता मार्क कमी पडले तर माझा विश्वासच कमी होता असं ठरणार. हा थर उतरवायचा कसा, ते क्रमाने सांगतो.

आधी नीट जेवा आणि झोपा. हे प्रार्थनेच्या आधी मुद्दाम लिहितोय. बायबलमधला १ राजे, अध्याय १९ उघडा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्या वेळी देव त्याला एका शब्दानेही रागवत नाही. देवदूत येऊन त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही म्हणतो, "ऊठ, खा." होरेब डोंगरावर देवाशी बोलणं होतं ते पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. दहावी-बारावीच्या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाचा क्लास गाठणाऱ्या मुलाला "अजून प्रार्थना कर" म्हणणं मला क्रूर वाटतं.

मग वही घ्या आणि भीती नेमक्या शब्दांत लिहा. "टेन्शन आलंय" एवढं पुरत नाही. "सरकारी कॉलेज मिळालं नाही तर बाबांना कर्ज काढावं लागेल," असं स्पष्ट लिहा आणि तेच देवाला मोठ्याने वाचून दाखवा. स्तोत्र १३ मध्ये दावीद देवाला "कोठवर?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. तशी तक्रार करायची मोकळीक आपल्यालाही आहे. नंतर त्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आज आपल्या हातात असलेलं लिहा: दोन धडे, एक टेस्ट, साहेबांना द्यायचा रिपोर्ट. उजवीकडे कटऑफ, पेपर कसा निघेल, प्रमोशन कुणाला मिळेल. उजवी बाजू देवाच्या हवाली करून डावीकडचं पहिलं काम लगेच सुरू करा. प्रभूने उद्याची चिंता करू नका म्हटलं, उद्याची तयारी करू नका असं कुठेही म्हटलेलं नाही.

अभ्यासाचं पुस्तक उघडण्यापूर्वी बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान १:११ वाचायची सवय लावा. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाल्यावर "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस" ही देवाची वाणी येते, तेव्हा या शुभवर्तमानात त्याने अजून एकही चमत्कार केलेला नसतो, एकही प्रवचन दिलेलं नसतं. प्रेम आधी, काम नंतर. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा आणि बारावीची परीक्षा पाठोपाठ येतात. तिथे मेणबत्ती लावून मार्क जरूर मागा, फक्त त्याचा सौदा करू नका.

रविवारचं आधीच ठरवून टाका. उपासना किंवा मिस्सा, घरचं जेवण, दुपारची विश्रांती, आणि संध्याकाळपर्यंत पुस्तक बंद. नीट बहुधा रविवारीच असते. त्या दिवशी चर्च चुकलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, माणसासाठी आहे.

मंडळीलाही एक विनंती. निकालानंतर आपण गुणवंतांचा सत्कार करतो, आणि ज्यांना कमी मार्क पडले ती मुलं नेमकी त्याच रविवारी येत नाहीत. पाळकांनी आणि तरुण संघाने त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जावं. चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, टक्के विचारू नयेत.

जेवण जात नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. तो अविश्वास नव्हे. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीतही बोलता येतं. नंबर आताच फोनमध्ये सेव्ह करा, आणि घरात परीक्षेला बसणारं मूल असेल तर त्याच्याही.