टाकीच्या चेंबरात पाणी साचतंय? या चुका टाळा

मिरगाची सर पडली की गोव्यातल्या कितीतरी पेट्रोल पंपांवर एकच उद्योग: जमिनीखालच्या टाकीवरच्या चेंबरचं, म्हणजे पाइपांचे सांधे असलेल्या खड्ड्याचं, झाकण उघडा, पाणी उपसा, झाकण लावा. आठ दिवसांनी पुन्हा तेच. उपसलं म्हणजे दुरुस्त झालं, हा समजच पहिली चूक.

आधी पाणी येतं कुठून ते ठरवा. सर ओसरताच पातळी चढलेली दिसली, तर दोष बहुधा वर: झाकणाखालची रबरी पट्टी (गॅस्केट) चपटी झालीय, खाचेत वाळू अडकलीय किंवा भोवतालच्या काँक्रिटचा उतार झाकणाकडे आहे. दोन दिवस उघडीप असूनही पाणी वाढतच राहिलं, तर ते बाजूनं शिरतंय. पाइप आत येतात तिथले रबरी बूट, म्हणजे पाइपाभोवती बसणारी सीलं, तपासा. केबल ज्यातून येते ती नळी (कंड्युइट) पण बघा. बाहेरून सील धडधाकट आणि पाणी मात्र नळीच्या पोटातून, असं हमखास होतं. खाडीकाठच्या पंपांनी भरतीची वेळही टिपून ठेवावी.

मग ओल्या, तेलकट भिंतीवर सिलिकॉन फासलं जातं. साधं सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं आणि सालीसारखं सुटून येतं. फाटलेला बूट बदलाच. पाइप न सोडता बसणारे दोन फाकांचे बूट मिळतात. क्लॅम्प मात्र जीव खाऊन आवळू नका, रबर चिरतं.

चेंबरात पाणी किंवा पेट्रोल साचलं की इशारा देणारा सेन्सर सारखा बोंबलतो म्हणून तो वर बांधून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! त्याची जागा तळाशीच.

चेंबर गळतं का याची चाचणी मे महिन्यातच उरका. सगळ्यात वरच्या पाइपाच्या चार इंच वर पाणी भरा, खूण करा, तासभर थांबा. 3 मिलिमीटरहून जास्त उतरलं तर गळती आहे. भर पावसात बाहेरचं पाणी आतल्याला तोलून धरतं आणि दोष लपतो.

चेंबरातलं पाणी डिप पाइपच्या (टाकीतली पातळी मोजायच्या नळीच्या) सैल टोपणातून टाकीत गेलं तर खरी पंचाईत. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ते ओढून घेतं, प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि गिऱ्हाइकाची स्कूटर रस्त्यात बंद पडते. डिप रॉडला इथेनॉलसाठीचीच वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारी) लावा, जुन्या प्रकारची पेस्ट हा थर दाखवेलच असं नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, चेंबरातच बसून राहते. साधी मोटर आत सोडू नका, माणूस तर नाहीच नाही. उपशावर रंगीत तवंग दिसला तर तो वहाळात न सोडता पिंपात भरा, त्या टाकीची विक्री थांबवा आणि कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याला बोलवा: पाइपाचा एखादा सांधा बहुधा आतच गळतोय.