केळीची साल, चांदीचे कण आणि माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट

प्रोजेक्टला मी केळीची साल निवडली त्यामागे थोर विचार नव्हता. गाव रावेर तालुक्यातलं, वेफर्सवाल्याकडे साल फुकट. जळगावला लॅबमध्ये त्या सालीपासून चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, करायचे आणि त्यांची अँटिऑक्सिडंट ताकद, म्हणजे फ्री रॅडिकल निकामी करण्याची क्षमता, मोजायची, एवढाच विषय.

पहिला घोळ गच्चीवर झाला. मे महिन्यात आईच्या पापडांशेजारी साल वाळत घातली, ती काळी ठिक्कर पडली. सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीचं क्षपण करतात, म्हणजे तिचे धातूचे कण बनवतात, ती सालीतली फिनॉलिक द्रव्यंच, आणि काळी पडतात तीही तीच. तेव्हा साल पटकन चिरा, धुवा, सावलीत वाळवा. 10 ग्रॅम पूड 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 70-80 अंशांवर वीस मिनिटं ठेवून गाळली की अर्क तयार.

सिल्व्हर नायट्रेट 1 मिलिमोलर लागतं, म्हणजे 100 मिलीत साधारण 17 मिलिग्रॅम. मी फ्लास्क बोअरच्या पाण्याने विसळून तसाच वापरला आणि द्रावण ताकासारखं पांढरं झालं. पाण्यातल्या क्लोराइडने चांदी खाली बसवली होती. शेवटची विसळणी डिस्टिल्डचीच हवी. हातमोजेही घालाच. माझी बोटं काळी बघून आजी म्हणाली, "हातले काय व्हयनं रे? बिबा लागना का?" ते डाग साबणाने जात नाहीत.

अर्क घातल्यावर द्रावण पिवळसर, मग गडद तपकिरी होतं. यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, 400 ते 450 नॅनोमीटरमध्ये शिखर दिसलं की कण झाल्याची चांगली खूण. इथे आपण फार लवकर खूश होतो.

खरी परीक्षा डीपीपीएचची, म्हणजे स्वतःच फ्री रॅडिकल असलेल्या एका रसायनाची. त्याचं मिथेनॉलमधलं जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंट भेटलं की पिवळं पडत जातं. नमुना मिसळून अर्धा तास अंधारात ठेवायचा आणि 517 नॅनोमीटरवर शोषण मोजायचं. माझे आकडे झकास आले. मॅडमनी एकच विचारलं, "हा गुण चांदीचा की केळीचा?"

उत्तर नव्हतं. मी कण धुतलेच नव्हते. उरलेला अर्क सोबतच होता, आणि तो एकटाही डीपीपीएचचा रंग घालवतो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा हजार आरपीएमला फिरवून, वरचं पाणी काढून, तीनदा धुतले. आकडे उतरले, जीवही उतरला. पण तेच आकडे मांडण्याजोगे होते. धुतलेल्या कणांवरही सालीतल्या द्रव्यांचा थर राहतोच, म्हणून साधा अर्क, धुतलेले कण आणि तुलनेला एस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी) अशा तिन्हींचे आयसी-50 शेजारी मांडले. आयसी-50 म्हणजे निम्मं डीपीपीएच निकामी करायला लागणारी मात्रा. जितकी कमी तितकं चांगलं.

अजून एक खोच आहे, ती मला फार उशिरा कळली. कण स्वतः तपकिरी, त्यामुळे 517 वर त्यांचंही शोषण येतं आणि डीपीपीएच शिल्लक आहे असं वाटतं. प्रत्येक मात्रेला डीपीपीएचशिवायचा, नुसत्या मिथेनॉलमधला ब्लँक लावा आणि त्याचं शोषण वजा करा. मिथेनॉलमध्ये कण गोळा होऊन तळाशी बसले असतील, तर तो आकडा खुशाल खोडा. मी चार दिवसांचे खोडले. एस्कॉर्बिक ॲसिडचं द्रावण मात्र रोज ताजं करा, कालचं चालत नाही.