प्रेषित पौल समजून घेताना या चुका टाळा

'शौलाचा पौल झाला' हे आपल्याकडच्या उपदेशांतलं ठरलेलं वाक्य. आमच्या अभ्यास गटात मी एकदा सगळ्यांना नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडायला लावलं आणि विचारलं, ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभूने दर्शन दिलं आणि त्याचं नाव बदललं, ते वचन कुठलं? बराच वेळ पानं उलटण्याचाच आवाज येत राहिला. कारण नवव्या अध्यायात तसं वचनच नाही. प्रभू त्याला 'शौला, शौला' अशी हाक मारतो आणि त्यानंतरही तो शौलच राहतो. पुढे तेराव्या अध्यायात, कुप्र बेटावर, याच शौलाला पौलही म्हणत, एवढं जाता जाता सांगितलेलं आहे. एक नाव यहुदी घरातलं, दुसरं रोमी जगातलं; माणूस एकच. घोड्याचंही तसंच. इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओने १६०० च्या सुमारास रंगवलेल्या याच प्रसंगाच्या चित्रात घोडा अर्ध्याहून अधिक जागा व्यापतो, पण मजकुरात घोडा कुठेच नाही. शौल जमिनीवर पडला, एवढंच आहे.

या गोष्टी कोणी फसवायला रचलेल्या नाहीत. माणूस मोठा असला की त्याच्या मागे राहिलेले लोक त्याला आठवत राहतात, आणि आठवताना आपापल्या गरजेप्रमाणे घडवतात. पहिल्या तीन-चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी पौलाच्या बाबतीत हेच केलं. त्यांच्या या आठवणी मला फार मोलाच्या वाटतात. घोटाळा होतो तो कुठली आठवण कधीची आणि कोणाची, हे न बघता वाचल्यामुळे.

सगळं एकाच पातेल्यात ढवळणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. पौलाची स्वतःची पत्रं साधारण इ.स. ५० ते ६० या काळातली. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतर दोन-तीन दशकांनी लिहिलं गेलं. आपण मात्र दोन्हींतले तुकडे जोडून एक सलग चरित्र तयार करतो आणि जिथे सांधा बसत नाही तिथे डोळेझाक करतो.

टोपलीचा प्रसंग घ्या. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल स्वतः सांगतो: दिमिष्कात अरीतास राजाचा अधिकारी त्याला पकडायला शहरावर पहारा ठेवून होता, म्हणून त्याला टोपलीत बसवून तटातल्या खिडकीतून खाली सोडलं. हे तो कुठे सांगतो ते बघा. आपल्या दुर्बलतेची यादी देताना, तिच्या अगदी शेवटी. प्रेषित म्हणवणारा माणूस भाजीच्या पाटीसारखा दोरावरून खाली येतोय, आणि तो स्वतःच ते करिंथकरांना ऐकवतोय. आता 'कृत्ये' नववा अध्याय. तट तोच, टोपली तीच, पण वेशींवर रात्रंदिवस टपून बसलेत ते यहुदी. अरीतासाचं नावही नाही. एकच आठवण, पण 'कृत्यां'चा लेखक मानल्या गेलेल्या लूकच्या कथेत ती पुढच्या छळाची नांदी होते. पौलाला त्यात आपला कमीपणा दिसत होता.

यरुशलेमच्या पहिल्या भेटीचंही असंच. गलतीकरांना पौल जवळजवळ शपथेवर सांगतो की तो तीन वर्षांनी तिथे गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब सोडला तर दुसऱ्या कोणा प्रेषिताला भेटला नाही. (केफा म्हणजे पेत्रच. नव्या वाचकांची इथे हमखास गल्लत होते.) 'कृत्यां'मध्ये बर्णबा हा सहकारी त्याला हाताला धरून प्रेषितांसमोर नेतो आणि सगळे एका विचाराचे होतात. आणखी एक गोष्ट, जी पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी थबकलो होतो: पौलाने पत्रं लिहिली, हे 'कृत्यां'च्या अठ्ठावीस अध्यायांत एकदाही आलेलं नाही.

उपाय साधा आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पत्रांतलं, उजवीकडे 'कृत्यां'तलं. जुळवायची घाई करू नका. पान भरत आलं की दोन वेगळे आवाज आपोआप ऐकू यायला लागतात.

सगळी पत्रं एकाच दिवशी लिहिल्यासारखी वाचणं

नव्या करारात पौलाच्या नावाची तेरा पत्रं आहेत. रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, ही सात पौलाचीच, याबद्दल अभ्यासकांत वाद नाही. बाकीच्या सहांबद्दल आहे, आणि तीमथ्य व तीत यांना लिहिलेली तीन पत्रं त्याच्यानंतरच्या पिढीची आहेत असं बहुतेकांचं मत आहे. इब्री लोकांस पत्रावर तर लेखकाचं नावच नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने म्हटलं होतं की ते कोणी लिहिलं हे देवालाच ठाऊक.

हे ऐकून कोणी दुखावतं, कोणी 'म्हणजे खोटी पत्रं' म्हणून मोकळं होतं. मला दोन्ही उतावळेपणा वाटतो. गुरू गेल्यावर नवे प्रश्न आले, आणि 'तो असता तर काय म्हणाला असता' हे शिष्यांनी त्याच्या नावाने लिहिलं, असाही विचार करून बघा. मग पत्रांतला ताण समजतो. करिंथकरांना पौल लिहितो की अविवाहितांनी आणि विधवांनी आपल्यासारखंच राहावं हे बरं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मात्र तरुण विधवांनी लग्न करावं, मुलं व्हावीत, घर चालवावं आणि स्त्रीने शिकवू नये असं आहे. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी आहे, युनिया आहे. या युनियाला प्रेषितांमध्ये केवढा मान, म्हणून चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या प्रसिद्ध उपदेशकाने तिचं कौतुक केलं. नंतरच्या काही वाचकांनी तिला पुरुष करून टाकलं!

थेक्लाची गोष्ट एक तर फेकून देणं, नाही तर डोळे मिटून खरी मानणं

पौलाचा वारसा सांगणारा दुसरा पक्षही होता. दुसऱ्या शतकातल्या 'पौल आणि थेक्ला यांची कृत्ये' या गोष्टीत इकुन्यातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्याची, एक वाग्दत्त मुलगी आहे. शेजारच्या घरात पौल बोलतोय आणि ही खिडकीत तीन दिवस, तीन रात्री खिळून बसते; खाणं नाही, पिणं नाही. पौलाला कोठडीत टाकल्यावर ती रात्री हातातल्या बांगड्या काढून दारावरच्या माणसाला देते, चांदीचा आरसा तुरुंगाच्या रखवालदाराला देते, आत जाते आणि पौलाच्या बेड्यांचं चुंबन घेते. पुढे ती लग्न मोडते, जाळायला ठेवलेली आग पावसाने विझते, आणि श्वापदांसमोर ती स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करून घेते. शेवटी पौल तिला म्हणतो, जा, देवाचं वचन शिकव.

इ.स. २०० च्या सुमारास तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक चिडून लिहितो की स्त्रियांनी शिकवावं, बाप्तिस्मा द्यावा यासाठी या लिखाणाचा आधार घेऊ नये. आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका वडिलाने (म्हणजे प्रेस्बिटर या पदावरच्या माणसाने) ते रचलं, 'पौलावरच्या प्रेमापोटी' रचलं असं कबूल केलं आणि त्याला आपलं पद सोडावं लागलं. तरी गोष्ट थांबली नाही. ३८४ साली एगेरिया नावाची यात्रेकरू सेलूकियाजवळच्या थेक्लाच्या स्थानी गेली आणि तिथे ही कृत्ये वाचली गेली, असं ती लिहिते. इफिसजवळच्या एका गुहेत भिंतीवर आजही पौल आहे, आणि खिडकीतली थेक्लाही.

म्हणून ही गोष्ट पौलाचं चरित्र म्हणून वाचू नका आणि 'दडपलेलं सत्य' म्हणूनही नको. दुसऱ्या शतकातल्या स्त्रियांनी पौलात काय पाहिलं, याचा ती अस्सल पुरावा आहे. बुटका, टकला, जुळलेल्या भुवयांचा, वाकड्या पायांचा पौल हे वर्णनही इथलंच. कोणा प्रत्यक्षदर्शीचं म्हणून ते देऊ नका.

सगळे त्याला मानतच होते असं धरून चालणं

दुसऱ्या शतकात पौलाच्या नावावर भांडणं होत होती. पंतातल्या सिनोपेचा जहाजमालक मार्कियोन याने जुना करार बाजूला सारला आणि छाटलेलं लूकचं शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रं एवढंच शास्त्र मानलं. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. उलट, मोशेचं नियमशास्त्र पाळणारे एबियोनी नावाचे ख्रिस्ती पौलाला धर्मत्यागी म्हणत. त्या काळातला ख्रिस्ती लेखक जस्टिन इतकं लिहून गेला, पण पौलाचं नाव घेत नाही. तर्तुल्यन तर पौलाला 'पाखंड्यांचा प्रेषित' म्हणून जातो, आणि मग तोच पौल मार्कियोनच्या हातून परत मिळवायला पाच खंड लिहितो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातली तक्रार, की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत आणि लोक त्यांचा विपर्यास करतात, या गदारोळात ठेवून वाचा.

भांडण झाकणं

अंत्युखियात केफाने यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणं सोडलं, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, हे गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पुढच्यांना हे पचेना. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंत म्हणाला, हा केफा दुसराच कोणी. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याचं म्हणणं, दोघांनी संगनमताने नाटक केलं. यावर आफ्रिकेतून बिशप ऑगस्टीनने त्याला पत्र लिहिलं: प्रेषिताच्या लेखणीत एकदा सोयीचं खोटं मान्य केलं, तर मग कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा? पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. दोघांचं पौलावर सारखंच प्रेम होतं, म्हणून तर तो इतका तिखट झाला.

रोमी तत्त्वज्ञ सेनेका आणि पौल यांची एकमेकांना लिहिलेली म्हणून चौदा पत्रंही कोणी तरी तुम्हांला पाठवील. ती चौथ्या शतकात रचलेली आहेत. तिथे वेळ घालवू नका.

राहिला शेवट. तलवारीने शिरच्छेद, मानेतून उडालेलं दूध, डोकं तीनदा आपटलं तिथे फुटलेले तीन झरे हे सगळं नंतरचं. 'कृत्ये' संपतात तेव्हा पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षं लोकांना भेटतोय. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेलं पत्र, म्हणजे रोमच्या क्लेमेंतचं (वरचा अलेक्झांड्रियाचा क्लेमेंत वेगळा), पौलाच्या सात वेळच्या बेड्या आणि पश्चिमेच्या टोकापर्यंतचा प्रवास सांगतं, मरण कसं आलं ते सांगत नाही. रोमच्या तटाबाहेर, ओस्तियाच्या रस्त्यावर त्याच्या नावाचं मोठं मंदिर आहे. तिथे वेदीखालच्या जुन्या संगमरवरावर त्याच्याविषयी तीनच शब्द कोरलेले आहेत: पौलाला, प्रेषित, हुतात्मा.