लॉगची समीकरणं: आधी अट, मग सूत्र

लॉगचं समीकरण दिसलं की मुलं थेट सूत्राला हात घालतात. माझ्या वर्गात ते चालत नाही. आधी समासात अट लिहायची: लॉगच्या कंसातली प्रत्येक राशी शून्यापेक्षा मोठी हवी. लॉग म्हणजे घातांक (पाया २ असेल तर लॉग ८ म्हणजे २ चा कितवा घात ८ होतो ते, म्हणजे ३), आणि २ चा कुठलाही घात घेतला तरी उत्तर शून्य किंवा ऋण येत नाही. मग ऋण संख्येचा लॉग येणार कुठून? क्ष पायात असेल तर आणखी एक अट: पाया धन हवा आणि तो १ नको.

सूत्रं तीनच लागतात. बेरजेतले लॉग एकत्र केले की कंसांचा गुणाकार, वजाबाकीतले केले की भागाकार, आणि कंसातला घातांक पुढे गुणक म्हणून येतो. पाया मात्र सगळीकडे एकच हवा. चौथं सूत्र मुलं स्वतःच शोधून काढतात: बेरजेचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज. पाया २ घेऊन बघा. लॉग (४ + ४) म्हणजे लॉग ८, तो ३. लॉग ४ + लॉग ४ मात्र २ + २, म्हणजे ४. विषय संपला.

आता एक गणित नीट सोडवू. पाया २.

लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३

अट: क्ष > ० आणि क्ष > २, म्हणजे क्ष > २. लॉग एकत्र केले की लॉग [क्ष(क्ष − २)] = ३. घातांकाच्या रूपात क्ष(क्ष − २) = ८. वर्गसमीकरण क्ष² − २क्ष − ८ = ०, अवयव (क्ष − ४)(क्ष + २) = ०. क्ष = ४ किंवा −२. समासात बघा: −२ बाद. ताळा: लॉग ४ + लॉग २ = २ + १ = ३.

इथे बरेच जण भलताच धडा घेतात, की ऋण उत्तर आलं की खोडायचं. त्यांना मी लगेच हे देते:

लॉग (−क्ष) + लॉग (२ − क्ष) = ३

गुणाकार केला की तेच वर्गसमीकरण, तीच ४ आणि −२. पण अट आता क्ष < ०. म्हणून ४ बाद आणि −२ बरोबर: लॉग २ + लॉग ४ = ३. उत्तराचं चिन्ह बघून काही ठरत नाही, कंसात काय उरतं ते बघायचं.

मुळात हे खोटं उत्तर घुसतं कसं? दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो. लॉग वेगवेगळे असताना −२ ला मज्जाव होता. कंस एकत्र झाले आणि गुणाकार ८ आला, आत शिरायला वाट मिळाली.

उलट दिशेने जाताना खरं उत्तर हरवतं, आणि तो घोटाळा जास्त वाईट, कारण ताळा करूनही तो सापडत नाही. पाया १० घेऊन लॉग (क्ष²) = २ सोडवा. घातांक पुढे काढला तर २ लॉग क्ष = २, म्हणून क्ष = १०. ताळाही जुळतो! पण क्ष² = १०० वरून −१० हेही उत्तर आहे, कारण कंसात वर्ग आहे. क्ष धन असल्याची खात्री असेल तेव्हाच घातांक पुढे काढा.

(लॉग क्ष)² = लॉग (क्ष²) मध्ये ती खात्री आहे, डावीकडच्या लॉगमुळे क्ष > ० हवाच. लॉग क्ष = त मानला की त² = २त. दोन्ही बाजूंना त ने भागू नका, एक उत्तर जाईल. त(त − २) = ०, त = ० किंवा २, म्हणून क्ष = १ किंवा १००.

पाये वेगळे असतील तर आधी एक करून घ्या. एका लॉगचा पाया २, दुसऱ्याचा ४, आणि लॉग क्ष + लॉग क्ष = ६. ४ हा २ चा वर्ग, म्हणून पाया ४ चा लॉग हा पाया २ च्या लॉगच्या निम्मा. दीडपट लॉग = ६, लॉग = ४, क्ष = १६. ताळा: २ चा चौथा घात १६, ४ चा दुसरा घात १६; ४ + २ = ६.