रिरायटेबल सीडी टाकली की पीसी बंद पडतो? आधी या चुका टाळा

आमच्या गल्लीत एक डीटीपीवाले काका आहेत, अजून विंडोज एक्सपीवर पेजमेकर चालवतात, लग्नपत्रिका नि वास्तुशांतीची सगळी जुनी कामं त्यांनी आरडब्ल्यू (रिरायटेबल, पुसून परत लिहिता येणाऱ्या) सीडीवर ठेवलीयेत. मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन, "अरे, सीडी आत ढकलली की कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतोय, दोनदा विंडोज मारून झालं." दोनदा! तर पहिली चूक हीच, कारण न बघता फॉरमॅट मारायचा. दिवस जातो, फॉन्ट परत टाकत बसावं लागतं आणि रोग तिथल्या तिथेच.

"क्रॅश होतो" असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात तीन वेगळी दुखणी असतात. एक, मशीन अडकतं, माउस रांगत चालतो. दोन, निळी स्क्रीन येते. तीन, कसलीही सूचना न देता धाडकन रिस्टार्ट. आता गंमत अशी की एक्सपीत निळी स्क्रीन आली की आपोआप रिस्टार्ट व्हायचं सेटिंग आधीपासूनच चालू असतं, त्यामुळे दुसरं आणि तिसरं बाहेरून एकसारखंच दिसतं आणि इथेच बरेच जण फसतात. म्हणून आधी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, खाली स्टार्टअप अँड रिकव्हरीचं सेटिंग्ज, आणि तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा. मग परत सीडी टाका. निळी स्क्रीन थांबून राहिली तर भानगड बहुतेक ड्रायव्हरची, आणि टिक काढूनही मशीन विझून उठलं तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा.

काकांकडे टिक काढली, तरी विझलं.

मग पीसीचं झाकण उघडलं, मल्टिमीटर डीसीवर ठेवला, रिकाम्या चार पिनच्या कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर धरली. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल म्हणजे ५. नुसतं चालू असताना मीटरवर ११.५ च्या आसपास, म्हणजे आधीच काठावर, कारण ५ टक्के इकडेतिकडे चालतं, ११.४ च्या खाली जायला नको. काकांनी ट्रे आत ढकलला, ड्राइव्हने घुर्रर्र केलं, आकडा अकराच्या खाली गेला आणि स्क्रीन काळी. डिस्क फिरवायला मोटर सुरुवातीला एकदम जास्त करंट खेचते, आणि जुना एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) तेवढा झटका झेलू शकत नाही. मागच्या जाळीतून टॉर्च मारली तर आत एका कॅपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं. (एसएमपीएस उघडायच्या फंदात मात्र पडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.) डब्यावर ४५० वॅट छापलेलं होतं, पण छापायला काय जातंय. नवा लावला, रिस्टार्ट बंद. मीटर नसेल तर सोपा उपाय, दुसरी हार्डडिस्क जोडलेली असेल तर मशीन बंद करून तिची पॉवर वायर काढा आणि मग सीडी टाकून बघा, तेवढ्याने चाललं तर एसएमपीएस थकलाय समजून जा.

निळी स्क्रीन असेल तर

इथली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकाच मशीनवर दोन पॅकेट रायटिंगची सॉफ्टवेअर. थोडं सांगतो. सीडी-आरडब्ल्यू मुळात पाटीसारखी, सगळं पुसा आणि परत लिहा. तिच्यावर फ्लॉपीसारखं एकेक फाइल ओढून टाकता यावी म्हणून डिस्क यूडीएफ नावाच्या पद्धतीत फॉरमॅट करून बारक्या पॅकेटमध्ये लिहायची युक्ती आली, त्यासाठी डायरेक्टसीडी, इनसीडी असली सॉफ्टवेअर असायची. यात ७०० एमबीमधले दीडेकशे एमबी त्या व्यवस्थेतच जातात, असो. मुद्दा हा की यांचा ड्रायव्हर विंडोजच्या एकदम पोटात बसतो, वर्डसारखं वर वर चालणारं सॉफ्टवेअर नाही हे, त्यामुळे ते घसरलं की सगळं विंडोज घेऊन पडतं. आणि व्हायचं काय, रायटरच्या खोक्यात एक सीडी फुकट यायची ती आपण टाकायचो, मग कुणीतरी पूर्ण बर्निंगचा सूट आणून दिला की तोही, आणि आता एकाच ड्राइव्हला दोघं धरून ओढतायत. साधी सीडी लावली तर बऱ्याचदा काहीच होत नाही, आरडब्ल्यू लावली की दोघंही जागे.

निळ्या स्क्रीनवर डॉट एसवायएस ने संपणारं फाइलचं नाव दिसतंय का बघा, दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग दोन्हीतलं एक, खरं तर जमलं तर दोन्ही, ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्समधून काढा. फोल्डर डिलीट करून टाकू नका, ही वेगळी चूक! ड्रायव्हर तसाच राहतो आणि त्याची बाकीची मंडळी गायब, मग तर अजूनच घोळ.

काढल्यावर कधी कधी सीडी ड्राइव्हच दिसेनासा होतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९ वगैरे. घाबरू नका, ड्राइव्ह गेला नाहीये. रजिस्ट्रीत (विंडोजची सगळी सेटिंग्ज साठतात तिथे) कंट्रोल, क्लासच्या खाली ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी एक 'की', म्हणजे फोल्डरसारखा कप्पा, असते, उजवीकडे डीव्हीडी/सीडी-रॉम लिहिलेलं दिसेल, तिच्यातल्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदी काढायच्या आणि रिस्टार्ट करायचं. पण आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि शेजारच्या तशाच लांबलचक नावाच्या कीला चुकूनही हात लावू नका. यानंतर बर्निंगचं सॉफ्टवेअर रुसलं तर ते परत टाकावं लागतं.

मशीन नुसतं अडकत असेल तर

याला लोक क्रॅश म्हणतात, पण बऱ्याचदा विंडोज ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. ड्राइव्ह ओरखड्यावर परत परत प्रयत्न करतोय, एक्सप्लोरर तिकडे तोंडाकडे बघतोय. अशा वेळी थेट स्विच बंद करणं ही महागात पडणारी चूक आहे, कारण पॅकेटवाल्या डिस्कवर इजेक्ट करतानाही थोडं लिहिलं जातं, अर्ध्यात पॉवर गेली की फाइलींची यादीच बिघडते आणि मग डिस्क रिकामी दिसते. इजेक्ट दाबा आणि दोन-तीन मिनिटं खरंच थांबा. जेम क्लिप सरळ करून ड्राइव्हच्या पुढच्या बारक्या भोकात घालायची ती मशीन रीतसर बंद केल्यावर, फिरत्या डिस्कवर नाही.

आणि एक्सपीत अजून एक छुपा प्रकार आहे. ड्राइव्हकडून सहाच्या वर टाइमआउट आले की विंडोज त्याचा डीएमए मोड (डेटा प्रोसेसरला न अडकवता थेट मेमरीत जातो तो) बंद करून पीआयओवर (सगळा डेटा प्रोसेसरच वाहतो त्या संथ मोडवर) टाकतं, आणि खराब डिस्क काढून नवी कोरी लावली तरी ते तसंच राहतं. म्हणजे पाप एका डिस्कचं, शिक्षा पुढच्या सगळ्यांना. रायटिंग चालू झालं की प्रोसेसर भरतो, माउस अडखळतो, गाणं तुटक वाजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनलच्या (सीडी ड्राइव्ह बहुतेक याच जोडणीवर असतो) ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट मोड पीआयओ दिसला तर तो चॅनलच अनइन्स्टॉल करा आणि रिस्टार्ट करा, विंडोज तो नव्याने ओळखतं. परत पीआयओवर गेला तर आतली चपटी वायर बदला.

"पण साधी सीडी मस्त चालते हो, म्हणजे ड्राइव्ह चांगलाय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. कंपनीतून छापून आलेली सीडी लेझरचा निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू फक्त १५ ते २५ टक्के. म्हणून लेन्सवर धूळ बसली किंवा लेझर थकला की आधी मान टाकते ती आरडब्ल्यू. साध्या सीडीवरून ड्राइव्हला पास करू नका, दुसरी एखादी धड आरडब्ल्यू लावून बघा.

डिस्कवरचा शिक्काही वाचा. एक्स म्हणजे मूळ सीडीच्या वेगाच्या किती पट; हाय स्पीड म्हणजे १२एक्सपर्यंत, अल्ट्रा स्पीड २४एक्सपर्यंत, आणि जुन्या ४एक्सच्या रायटरला या दोन्ही लिहिता येत नाहीत, तो नुसता फिरवत बसतो. कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो, बस.

डिस्कच बिघडल्यासारखी वागत असेल तर क्विक इरेज पुरत नाही, त्यात फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. फुल इरेज करा, ४एक्सला वीस मिनिटं लागतात, चहा घेऊन या. हजारेक वेळा लिहिता येतं म्हणतात, पण ओरखडे पडलेल्या डिस्कला तो हिशोब लागू नाही. आतला डेटा हवा असेल तर अर्थातच आधी कॉपी.

नवा लॅपटॉप आणि बाहेरून लावायचा पातळ डीव्हीडी रायटर असेल तर परत विजेचाच खेळ. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीॲम्पिअर मिळतात, रायटरला लिहिताना जास्त लागू शकतात, मग टक टक आवाज, ड्राइव्ह गायब, परत हजर, आणि तोवर एक्सप्लोरर गोठलेला. दोन तोंडांची वायर वापरा, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. अडॅप्टर नसलेला हब लावून उलट एकाच पोर्टवर सगळा भार येतो. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडा, मागचा वापरा.

काकांच्या ऐंशीएक सीडी होत्या, रोज दहा अशा हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. एक मात्र अजून उघडत नाहीये, वर मार्करने "पाटील – मोठी मुलगी" लिहिलंय. ती माझ्याकडे आणलीये, रविवारी भावाच्या जुन्या रायटरमध्ये लावून बघतो.