रॉम बदललेला फोन वॉरंटीत देताय? या चुका टाळा

माझ्या मावसभावाच्या फोनचं व्हॉल्यूमचं बटण रुतलं. फोन वॉरंटीत, पण त्यावर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीचं काढून टाकलेलं दुसरंच सॉफ्टवेअर. सर्व्हिस सेंटरला जायच्या आदल्या रात्री, ‘कळायला नको’ म्हणून त्याने बूटलोडर (फोन सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालवायचं ते ठरवणारा भाग) पुन्हा लॉक केला. सकाळी फोन सुरूच होईना. बटणाचं दुखणं मदरबोर्डवर गेलं.

हीच चूक सगळ्यात महागात पडते. बूटलोडर लॉक झाला की बहुतेक फोन कंपनीची डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू करतात. पुन्हा अनलॉक करायची सोय असते सेटिंग्जमध्ये, आणि तिथवर पोहोचताच येत नाही. म्हणून आधी नेमक्या त्याच मॉडेलचा मूळ रॉम पूर्ण टाका, फोन एकदा नीट चालू होऊ द्या, मगच लॉक करा. लॉक करताना सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा बॅकअप आधी. जुन्या आवृत्तीचा रॉमही टाकू नका. अँटी-रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाऊ न देणारी सोय) असलेले काही फोन त्यानेच कायमचे बंद पडतात.

लपवालपवी करू नका. सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज (सॉफ्टवेअर बदलल्याची कायमची खूण) एकदा उडाला की मूळ रॉम टाकूनही जागेवर येत नाही, आणि तंत्रज्ञाला तो डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे रॉम टाकायच्या स्क्रीनवर, लगेच दिसतो. त्यापेक्षा काउंटरवर सरळ सांगा. अर्थात, आपल्या कंपनीच्या अटी घरूनच वाचून निघा. मोटोरोला बूटलोडरचा अनलॉक कोड देतानाच वॉरंटीबद्दलची अट मान्य करून घेते.

‘सॉफ्टवेअर बदललंय, वॉरंटी नाही’ एवढं तोंडी ऐकून घरी परतू नका. रॉममुळे बटण रुतत नाही! नकाराचं कारण जॉब शीटवर (सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर) लिहून मागा. तो कागद हातात असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलणं सोपं जातं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

रॉमच्या खटपटीत आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) उडाला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे ‘दुसरा नंबर टाकून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती फोन देऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पैसे भरून का होईना, ते काम अधिकृत सेंटरमध्येच करा.